घराचे सुख, नगराचे कल्याण : स्तोत्र १२८ वरील भाष्य

मूळ वचने शेजारी उघडी ठेव. खाली प्रत्येक वचनाचा आशय माझ्या शब्दांत दिला आहे. तो मुळाची जागा घेण्यासाठी नाही, मुळाकडे परत पाठवण्यासाठी आहे. जिथे अर्थ अडतो तिथेच हिब्रू शब्द काढला आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावला मुक्ती मिशनमध्ये आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीकवरून मराठी बायबल सिद्ध करण्यात घालवली, आणि तेही खेड्यातल्या बाईला कळावे म्हणून. तेव्हा मुळापर्यंत जाण्याचा आळस आपल्याला शोभत नाही.

मथळा : आरोहणगीत. १२० ते १३४ या पंधरा स्तोत्रांवर ही नोंद आहे. आरोहण म्हणजे चढण. यरुशलेम डोंगरावर वसलेले, म्हणून सणाला निघालेला यात्रेकरू वर चढत जातो आणि ही त्याची वाटेवरची गीते, हा एक अर्थ. मंदिराच्या पंधरा पायऱ्यांवर लेवी ती गात, हा दुसरा. मी पहिला घेतो. या गीतांत पेरणी आहे, शेजार आहे, भावंडे आहेत. पायरीपेक्षा वाटेचीच धूळ त्यांत अधिक आहे. याचा अर्थ असा की घरसंसाराचे हे गीत गाणारा माणूस गाताना घरी नाही. सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातून माणसे पायी निघतात. त्यांच्या ओठांवरचे नवस ऐक. बहुतेक मागणे मागे राहिलेल्यांसाठी असते : सुनेसाठी, नातवासाठी, सुकत चाललेल्या विहिरीसाठी. स्तोत्र त्याच जातीचे आहे.

वचन १ : परमेश्वराचे भय धरणारा आणि त्याच्या मार्गांनी चालणारा प्रत्येक जण सुखी. भय म्हणजे धाक नव्हे. देव देव आहे आणि आपण देव नाही, हे जाणून वागणे म्हणजे भय. पण ते मनात राहिले की नाही हे कसे ओळखायचे? उत्तरार्ध सांगतो : चालण्यावरून. भय आत, चाल बाहेर, आणि दुसऱ्याशिवाय पहिल्याला पुरावा नाही. ‘प्रत्येक जण’ हा शब्द सोडू नकोस. पुढे वचन ३ मध्ये पत्नी व मुले येतील आणि वाटेल की हे फक्त गृहस्थ पुरुषाचे स्तोत्र आहे. दार मात्र सर्वांना उघडले आहे : विधवेला, अविवाहिताला, धर्मभगिनीला, निपुत्रिकाला. वचन ३ ची अडचण येईल तेव्हा इथे परत ये.

वचन २ : तू आपल्या हातांचे श्रम खाशील, तू सुखी होशील, तुझे बरे होईल. इथे थांबायला हवे. ‘हात’ साठी मुळात ‘काफ’ आहे, म्हणजे तळहात. ‘यगीया’ म्हणजे दमवून टाकणारे कष्ट, आणि त्याच शब्दाने त्या कष्टांचे फळही. तळहातावर घट्टे पाडणारे काम, असा अर्थ निघतो.

आता एक शंका. लगेच आधीचे स्तोत्र १२७ सांगते की पहाटे उठणे, उशिरा निजणे, कष्टाची भाकर खाणे व्यर्थ आहे. मग १२८ त्याच कष्टाला सुख कसे म्हणते? दोन्ही स्तोत्रे शेजारी ठेवणाऱ्याने हा विरोध पाहिला असणारच. समाधान असे की १२७ देवावाचून चाललेल्या धडपडीविषयी बोलते, आणि १२८ देवाच्या मार्गावर असलेल्याच्या श्रमाविषयी. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. अनुवाद २८:३३ उघड. तिथे शाप असा आहे की तुला ठाऊक नसलेले लोक तुझ्या जमिनीचे पीक आणि तुझे सारे ‘यगीया’ खातील. तोच शब्द, तीच क्रिया. म्हणजे आपल्या वचनाचा जोर ‘श्रम’ या शब्दावर नाही, ‘तू’ खाशील यावर आहे. राबणारा एक आणि खाणारा दुसरा, ही शापाची खूण. राबणाराच खाणारा, ही आशीर्वादाची.

नगर जिल्ह्याच्या मंडळ्यांना हे वचन परके नाही. आपल्यातल्या बहुतेकांचे पूर्वज महार व मांग वस्त्यांतून ख्रिस्ती झाले. महार वतनात येसकराने गावाचे काम करायचे आणि मोबदल्यात दारोदार भाकरी मागायची. त्यांचे तळहात राबत, पण खाण्याची वेळ मात्र दुसऱ्याच्या मर्जीवर असे. डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात सुधारणेचे विधेयक आणले. कनिष्ठ गावकामगार वतने रद्द करणारा कायदा १९५८ चा, अंमल १९५९ पासून. ज्या घराने ती मागितलेली भाकरी पाहिली, त्या घरात हे वचन मोठ्याने वाचले जाते तेव्हा ते साधे सुभाषित राहत नाही.

आणखी एक गर्भित अर्थ. तळहात पुरुषाचेच, असे वचन म्हणत नाही. संगमनेरात घरोघरी बायका तेंदूच्या पानात तंबाखू भरून विड्या वळत आल्या. मजुरी हजार विड्यांमागे मिळते, आणि निकृष्ट म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे हातात पडत नाहीत. हे वचन त्या तळहातांनाही लागू आहे. म्हणून कापणीच्या सणाला वेदीपुढे धान्य, भाजी, ऊस येतो तेव्हा उपदेशकाने एवढे विचारावे : यातले राबणाऱ्याने किती खाल्ले?

वचन ३, पूर्वार्ध : तुझी पत्नी घराच्या अंतर्भागी फळणाऱ्या द्राक्षवेलीसारखी. ‘अंतर्भागी’ म्हणजे घराच्या सर्वांत आतल्या बाजूला, आपण माजघर म्हणू तिथे. कोणी यावरून बाईने उंबरठा ओलांडू नये असे काढतात. हे वाचन मला मान्य नाही. नीतिसूत्रे ३१ मधली स्त्री शेत पारखून विकत घेते आणि स्वतः द्राक्षमळा लावते. ज्या ग्रंथात ती मळा लावणारी आहे, त्याच ग्रंथाची उपमा घेऊन तिला कोंडता येत नाही. अंतर्भाग म्हणजे घराचे हृदय. वेल आत आहे, कारण घर तिच्याभोवती उभे आहे.

आता उपमा नीट पाहा. द्राक्षवेल आपसूक फळत नाही. तिला मांडव लागतो. आपल्याकडे एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरात फळछाटणी, आणि मधले सारे महिने राखण. याचा अर्थ वचनातली जबाबदारी वेलीवर कमी आणि घरधन्यावर जास्त आहे. वेल फळली नाही, तर आधी मांडव तपासावा.

वचन ३, उत्तरार्ध : तुझी मुले मेजाभोवती जैतुनाच्या रोपांसारखी. ‘शतील’ या शब्दाचे दोन अर्थ लावतात. एक, जुन्या जैतुनाच्या बुंध्यातून फुटलेले कोंब. दुसरा, मुद्दाम लावलेली रोपे. पहिला अर्थ केळीभोवतीच्या मुनव्यांसारखा दिसतो, पण केळ एकदा घड देऊन संपते. जैतून शेकडो वर्षे जगते. कोंब आणि बुंधा एकत्र नांदतात. तरी शब्दाचे मूळ ‘लावणे’ या धातूत आहे, म्हणून मी दुसऱ्याकडे झुकतो. लावलेले रोप म्हणजे कोणीतरी जागा निवडली, आळे केले, पाणी घातले. जैतून फळाला येण्यास वर्षे लागतात. ‘मेजाभोवती’ हा शब्दही मोलाचा : मुले शाळेत किंवा रणात नाहीत, जेवायला बसली आहेत. वचन २ मधले खाणे इथे पंगतीत आले.

ज्या घरात मूल नाही त्याने हे वचन कसे वाचावे? इथे भाष्यकारांनी घाई केली आहे. मुले नसणे म्हणजे आशीर्वाद नसणे, असे उलटे विधान स्तोत्र कुठेही करत नाही. आणि वचन १ चा ‘प्रत्येक जण’ अजून उभा आहे. शिवाय ‘लावलेले रोप’ हा अर्थ घेतला, तर रोप आपल्याच बीजाचे असावे ही अटही उरत नाही. उदाहरण कवी ना. वा. टिळकांच्या घराचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यामुळे त्यांची व पत्नी लक्ष्मीबाईंची ताटातूट झाली, आणि काही वर्षांनी संसार पुन्हा जुळला तो आपल्याच जिल्ह्यात, नगर आणि राहुरीला. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये पोटच्या मुलांइतकाच आश्रयाला आलेल्या परक्या मुलांचा वावर आहे. त्या मेजाभोवती बसलेलीही रोपेच होती. आणि श्रद्धेने आधी मोडलेले घर श्रद्धेतच पुन्हा उभे राहू शकते, हेही तिथे दिसते.

वचन ४ : पाहा, परमेश्वराचे भय धरणारा पुरुष असा आशीर्वादित होतो. वचन १ चाच पुनरुच्चार. फरक दोन. तिथे ‘प्रत्येक जण’, इथे ‘पुरुष’. तिथे सुखी असणे, इथे देवाकडून आशीर्वाद मिळणे. म्हणजे सुख ही कमाई नाही, दान आहे. पुढे जाऊ.

वचन ५ : परमेश्वर सीयोनेतून तुला आशीर्वाद देवो, आयुष्यभर तू यरुशलेमेचे कल्याण पाहा. स्तोत्र इथे वळते, आणि माझ्या मते त्याचा कणा इथे आहे. चार वचने आपण घरात होतो. आता अचानक नगर आले. ‘पाहा’ हे मुळात आज्ञार्थी रूप आहे. काही ते ‘पाहशील’ असे वचनार्थी घेतात. व्याकरण दोन्ही सोसते. आज्ञार्थ ठेवला तर कर्तव्य निघते : नगराच्या कल्याणाकडे नजर ठेव. मी दोन्ही एकत्र वाचतो. ज्याला नगराचे बरे झालेले पाहायचे आहे, त्याने आधी नगराकडे पाहायला हवे.

घराचा आशीर्वाद सीयोनेतून येतो, म्हणजे घराबाहेरून आणि वरून. हे समजायला संगमनेर तालुक्याच्या पठारावर जा. तिथल्या म्हसवंडीसारख्या गावांत १९९० च्या दशकात इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाचे काम झाले. त्यामागे फादर हर्मन बाखर हे स्विस येशूसंघीय होते. ते १९४८ साली भारतात आले आणि त्यांचे आयुष्य याच जिल्ह्याच्या दुष्काळी मातीत गेले. कामाची रीत माथ्यापासून पायथ्याकडे : आधी डोंगरावर समपातळी चर, मग शेतांचे बांध, शेवटी ओढ्यावर बंधारे. जोडीला चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान. तुझी विहीर पायथ्याशी असेल, तर तिचे पाणी दुसऱ्याच्या माथ्यावर ठरते. आपल्याच मळ्याला कुंपण घालून ती भरत नाही. वचन ५ हेच सांगते. पण एक काळजी घे. चराईबंदीचा पहिला भार शेळीवर जगणाऱ्या भूमिहीनावर पडतो. नगराचे कल्याण मोजताना त्याचे ताट मोजले नाही, तर वचन २ मोडते.

वचन ६ : तू आपल्या मुलांची मुले पाहा. इस्राएलावर शांती असो. पहिल्या भागात तेच ‘पाहा’ पुन्हा येते. नगर आणि नातवंडे एकाच क्रियापदाला जोडली आहेत. याचा अर्थ असा की नगर राहण्याजोगे असेल तरच नातवंडे डोळ्यांसमोर राहतील. ज्याचा मुलगा पुण्याला किंवा नाशिकला स्थिरावला आणि नातू फक्त नाताळात दिसतो, त्याला हा संबंध समजावून सांगावा लागत नाही.

शेवटचे वाक्य काही विद्वान नंतरची भर मानतात, कारण स्तोत्र १२५ देखील याच शब्दांनी संपते आणि उपासनेत असा समारोप रूढ असावा. ते शक्य आहे. पण आशयाने ते उपरे नाही. ‘शालोम’ म्हणजे केवळ भांडण नसणे नव्हे, काही उणे न राहणे. घरावरून नगरावर आणि नगरावरून सगळ्या लोकांवर, हा विस्तार वचन ५ मध्येच सुरू झाला आहे. म्हणून मंडळीत हे स्तोत्र वाचशील तेव्हा नातवंडांपाशी थांबून, श्वास घेऊन, शेवटचे वाक्य वेगळे म्हणू नकोस. दोन्ही एका दमात वाच.