थडग्यापलीकडील प्रीती

वेताळ आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. तो झाडाला लोंबकळतो, विक्रमाच्या खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडे घालतो. रिचर्ड बर्टन या इंग्रज प्रवाशाने १८७० साली या कथा स्वैरपणे इंग्रजीत आणल्या, तेव्हा वेताळाला त्याने खुशाल ‘व्हँपायर’ म्हटले. वस्तुतः या दोघांचे नाते फार दूरचे. वेताळ परक्याच्या प्रेतात वस्तीला येतो. युरोपातील व्हँपायर हा मेलेला मनुष्य स्वतःच्याच देहानिशी थडग्यातून उठतो आणि बहुधा आपल्याच माणसांकडे परततो. व्हँपायर आणि मानव यांच्या निषिद्ध प्रेमाच्या ज्या कथा पुढे जगभर पसरल्या, त्यांचे बीज मला या परतण्यातच दिसते.

१७१८ च्या पासारोविट्झच्या तहाने उत्तर सर्बियाचा मुलूख तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या सम्राटाकडे आला. त्या मुलखातील किसिलयेवो या खेड्यात १७२५ साली आठ दिवसांत नऊ माणसे दगावली. दहा आठवड्यांपूर्वी पुरलेला पेटर ब्लागोयेविच झोपेत येऊन आपला गळा दाबतो, असे मरणाऱ्यांनी सांगितले. फ्रोम्बाल्ड नावाच्या सरकारी अंमलदाराने या प्रकरणाचा जो अहवाल धाडला, तो त्याच वर्षी व्हिएन्नाच्या वृत्तपत्रात छापला गेला. त्यात एक वाक्य असे आहे की ते वाचताना मन थबकते. पेटरची विधवा सांगते, नवरा माझ्याकडे आला आणि त्याने आपल्या वहाणा मागितल्या.

गळा नाही, रक्त नाही, वहाणा! बाहेर निघालेला नवरा बायकोला हाक मारून जे मागेल, तेच. भीतिकथा रचणाऱ्याला हा तपशील सुचला नसता. ती बाई मात्र गाव सोडून दुसऱ्या खेड्यात निघून गेली.

प्रेताचा माग काढणारे लोक कादंबरीतल्यासारखे शूर शिकारी नव्हते. ते घाबरलेले शेतकरी होते. वरिष्ठांची अनुज्ञा येईपर्यंत थांबा, असे फ्रोम्बाल्ड म्हणाला. तुर्की अमदानीत असेच गाव ओस पडले होते, आता परवानगी द्या, नाहीतर आम्ही घरेदारे सोडून जातो, असे त्यांनी बजावले. अखेर धर्मगुरूंना बरोबर घेऊन थडगे उकरण्यात आले. देह ताजा, नखे नवी, दाढी वाढलेली, तोंडात रक्त! लोकांनी छातीत टोकदार खुंटी ठोकली आणि देह जाळून टाकला. अहवालाच्या शेवटी अंमलदारसाहेब नम्रपणे विनवतात की, यात काही चूक झाली असल्यास दोष भयभीत जमावाचा मानावा, माझा नव्हे. (कारकुनी कोणत्याही देशातली असो, तिचा हा स्वर ओळखीचा वाटतो.)

आज वैद्यकाला यात नवल वाटत नाही. मृताची नखे वाढत नसतात. कातडी आकसल्यामुळे ती वाढल्यासारखी भासतात, आणि पोटातील वायूच्या दाबाने रक्तमिश्रित द्रव तोंडाशी येतो. परंतु त्या काळी लष्करी शल्यवैद्यांनीही १७३२ साली मेदवेजा गावाहून असाच अहवाल लिहिला आणि सारा युरोप त्यावर वाद घालू लागला. १७५५ साली सम्राज्ञी मारिया थेरेसा हिने आपले वैद्य व्हान स्वीटेन यांच्या सल्ल्याने ही प्रेतविटंबना कायद्याने थांबवली.

सरकारने दप्तर मिटले आणि कवींनी ते उघडले. १७९७ साली गटेने ‘कोरिंथची वधू’ हे काव्य लिहिले. त्याचे मूळ इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील फ्लेगॉन या ग्रीक लेखकाच्या कथेत आहे. त्या कथेतील मृत कन्या फिलिनियन रात्री घरच्या पाहुण्याला भेटते. आईबाप मध्ये येताच, एवढेही सुख तुम्हांला पाहवले नाही, असा ठपका त्यांच्यावर ठेवून ती पुन्हा गतप्राण होते. तिथे रक्ताचा थेंबही नाही. रक्ताची तहान गटेने घातली, आणि प्रेमाला आड येणारे कारणही त्याने बदलले. त्याच्या काव्यात नव्या धर्मात गेलेली आई मुलीचे ठरलेले लग्न मोडून तिला व्रतस्थ करते. मुलगी त्यातच मरते आणि आपला वर घ्यायला परत येते. शेवटी ती एकच मागणे करते: आम्हां दोघांना एका चितेवर जाळा.

आयरिश लेखक शेरिडन ले फानू याच्या १८७२ सालच्या ‘कार्मिला’त तर दप्तर आणि काव्य एकत्र येतात. ऑस्ट्रियातील स्टिरिया प्रांतात एकाकी वाढलेली लॉरा आणि तिच्या घरी आलेली रूपवती कार्मिला यांची ही कथा. या ओढीत माया किती आणि भूक किती, हे लॉराला अखेरपर्यंत उमगत नाही. कार्मिलाचे थडगे शोधून देतो तो व्होर्डेनबर्ग नावाचा वृद्ध सरदार. गंमत अशी की, ते थडगे पूर्वी लपवले होते त्याच्याच पूर्वजाने. तो तिचा प्रियकर होता. मारेकऱ्यांनी तिच्या देहाची विटंबना करू नये म्हणून त्याने तिची जागा बदलली, आणि म्हातारपणी पश्चात्ताप होऊन खुणा लिहून ठेवल्या. एकाच घराण्यात आधी प्रेमी, मागाहून शिकारी! १८९७ च्या ‘ड्रॅक्युला’त हे अंतरही उरत नाही. तिथे आर्थर आपल्या वाग्दत्त वधूच्या, ल्यूसीच्या, छातीत स्वतःच्या हातांनी खुंटी ठोकतो.

कार्मिलाच्या वधाचा रीतसर सरकारी अहवाल होतो. त्यावर सह्याही होतात. तरीही कित्येक वर्षांनंतर, दिवाणखान्याच्या दाराशी तिचे हलके पाऊल वाजल्याचा भास लॉराला होत राहतो.

किसिलयेवोच्या त्या विधवेविषयी फ्रोम्बाल्डने आणखी काही लिहिलेले नाही. तिने नवऱ्याला काय उत्तर दिले, हे त्या कागदात नाही. तिचे नावही नाही.