बर्फात सायकलने कामावर कसे जातात?

फिनलंडमधले ओउलू हे शहर आर्क्टिक वृत्ताच्या जेमतेम पावणेदोनशे किलोमीटर दक्षिणेला आहे. डिसेंबरच्या अखेरीस तिथे दिवस चार तासांचाही नसतो आणि पारा उणे २० पर्यंत उतरतो. तरीही भर हिवाळ्यात तिथली माणसे कामावर आणि मुले शाळेत सायकलने जातात. हिवाळी सायकलिंगची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये याच शहरात भरली होती.

आपल्याला वाटते, अडचण थंडीची असेल. खरी अडचण रस्त्याची असते. ओउलूमध्ये मोटारींपासून वेगळे असे सायकलमार्गांचे मोठे जाळे आहे आणि मुख्य मार्गांवरचा बर्फ सकाळची वर्दळ सुरू होण्याआधी यंत्राने काढला जातो. तोही खरवडून पूर्ण काढत नाहीत. घट्ट दाबलेला पातळ थर राहू देतात आणि गरजेप्रमाणे त्यावर बारीक खडी टाकतात. मीठ का नाही? मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो, पण उणे १० च्या खाली साधे मीठ फारसे काम करत नाही. अर्धवट वितळलेला बर्फाचा राडा तर सायकलला सर्वांत वाईट. कोपनहेगनमध्ये हिवाळा सौम्य, तापमान शून्याच्या आसपास. तिथे मात्र मीठच उपयोगी पडते.

सर्वांत धोक्याचा दिवस कडाक्याच्या थंडीचा नसून शून्य अंशाच्या आसपासचा असतो. फ्रीजरमधून नुकताच काढलेला बर्फाचा खडा बोटांना चिकटतो आणि थोडा वितळला की हातातून निसटतो, तसेच इथे होते. कोरड्या, थंड, दाबलेल्या बर्फावर टायरला बऱ्यापैकी पकड मिळते. दिवसा वितळून रात्री पुन्हा गोठलेल्या रस्त्यावर ती जवळपास नाहीशी होते. त्यातून वर ताजा भुरभुरीत बर्फ पडला, तर खालची काच दिसतही नाही.

अशा रस्त्यासाठी टायरमध्ये कठीण धातूचे बारीक खिळे बसवलेले असतात. ते महाग पडतात आणि त्यांनी सायकल थोडी जड चालते, पण खर्च एकाच गोष्टीवर करायचा असेल तर यावरच करावा. एकच टायर परवडत असेल तर तो आधी पुढच्या चाकाला. मागचे चाक घसरले तर बहुतेकदा सावरता येते, पुढचे घसरले की माणूस खालीच. त्यामुळे बर्फावर वळताना पुढचा ब्रेक दाबत नाहीत. वेग वळणाआधीच कमी करतात.

कपड्यांबाबत नवखा माणूस हमखास जास्त घालतो. निघताना किंचित गारठा वाटायला हवा, कारण पाच-दहा मिनिटांत अंग तापते आणि घामाने भिजलेले कपडे नंतर गार पडतात. बोटे, कान आणि पाय मात्र नीट झाकलेले हवेत. दिवे तर सकाळ-संध्याकाळ लागतातच. थंडीत बॅटरी लवकर उतरते, म्हणून काही जण पोहोचल्यावर दिवा काढून खिशात ठेवतात.

सायकल रात्री उबदार घरात आणण्याचा मोह होतो. पण चिकटलेला बर्फ वितळून पाणी ब्रेकच्या तारांत शिरते आणि सकाळी बाहेर नेताच गोठते. आणायचीच असेल तर पूर्ण वाळेपर्यंत आत ठेवावी, नाहीतर छपराखाली बाहेरच बरी. मिठाच्या रस्त्यावरून आलेल्या सायकलची साखळी पुसून तेल घालावे लागते. एरवी काही आठवड्यांतच ती गंजते.