पाहायचे राहिलेले

गेल्या दिवाळीत फराळ आटोपून आम्ही सारे टीव्हीपुढे बसलो आणि काय पाहावे याचा वाद घालता घालता तास गेला. पाहिले काहीच नाही!

दिल्लीत दूरचित्रवाणी १९५९ साली आली. मुंबईस मात्र २ ऑक्टोबर १९७२ पर्यंत वाट पाहावी लागली. आमच्या चाळीत संच एकाच बिऱ्हाडी. वाहिनीही एकच, तेव्हा निवडीचे कष्ट सरकारच घेई. कुंडीतल्या तुळशीपलीकडे शेती नसलेले आम्ही चाळकरी ‘आमची माती, आमची माणसं’देखील मनोभावे पाहत असू. १९८७ च्या जानेवारीत ‘रामायण’ सुरू झाले. एखाद्या रविवारी भाग चुकला, तर शेजारच्या काकू तो जिन्यात उभ्या उभ्या सांगत; आणि खरे सांगायचे तर, तो पडद्यावरच्यापेक्षा रंगे.

१९९२ त झी आली, घरात रिमोटसाठी भांडणे आली. २०१६ त नेटफ्लिक्स भारतात आले आणि वेळेचे बंधनही उरले नाही. ‘नंतर पाहू’ म्हणून मी टिपलेल्या मालिका चाळीस झाल्या. प्रत्येकीला दहा तास धरले, तर रोज तासभर पाहूनही वर्ष पुरत नाही!

शेवटी आई म्हणाली, “एकच लाव रे, पण सगळे बसा.”

यादी पुसली. आता रविवारी रात्री एकच भाग, निवड आईची. परवा मला यायला उशीर झाला, तर तिने जेवण वाढता वाढता सबंध भाग तिखटमीठ लावून सांगितला.