चौकटींच्या वहीतले इंजिन

संगणकावर स्वतःचा पहिला खेळ तयार करायला बसलेल्या विद्यार्थ्याची गाडी बहुधा एका ठरावीक ठिकाणी अडते. कळ दाबताच काहीतरी डावीकडे-उजवीकडे सरकवणे, टक्कर झाली की गुण कापणे, इतपत आज्ञावली तो लिहितो. पण सरकणारी वस्तू म्हणजे पडद्यावरचा एक कोरा चौकोन असतो. त्या चौकोनाचे इंजिन, बैल किंवा विमान करायची वेळ आली, की "मला चित्रकला येत नाही" असे म्हणून तो थांबतो, नाहीतर दुसऱ्याने काढलेले चित्र कुठून तरी उचलतो. शाळेत गणित आणि चित्रकला यांचे तास वेगळे, शिक्षक वेगळे. आणि हुशार मुलाला चित्रकला आली नाही तरी चालते ही समजूत तर घरोघरी आहे. संगणकावरील खेळांचा इतिहास मात्र निराळे सांगतो. सुरुवातीच्या वीसेक वर्षांत पुष्कळदा आज्ञावली लिहिणाराच चित्रही काढत असे, आणि चित्र काढणे म्हणजे बेरीज करणे होते.

अमेरिकेत एम.आय.टी. या संस्थेत १९६२ साली स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. त्यात दोन अवकाशयाने एकमेकांवर मारा करतात. एक यान पाचरीसारखे, दुसरे सुईसारखे. ही याने कोणी कुंचल्याने रंगवली नव्हती. यानाची बाह्यरेषा अष्टमान पद्धतीतल्या अंकांच्या रांगेने लिहिलेली होती. पुढचा ठिपका कोणत्या दिशेला पडायचा ते प्रत्येक अंक सांगे. पीटर सॅमसन याने मागच्या आकाशात खऱ्या नकाशाप्रमाणे तारे मांडले. चित्रकार म्हणावा असा त्या गटात कोणी नव्हता, तरीही चित्र झाले.

पुढे १९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ केला. यंत्राची जुळणी, आज्ञावली आणि चित्रे अशी तिन्ही कामे त्यांनी स्वतः केली. परग्रहावरून चाल करून येणाऱ्या शत्रूंसाठी त्यांनी समुद्रातले माखले, खेकडे आणि अष्टपाद यांचे आकार घेतले. प्रत्येक शत्रूची उंची फक्त आठ ठिपके. रुंदी कोणाची आठ, कोणाची अकरा, कोणाची बारा. प्रत्येकाची दोन चित्रे होती, पाय आत घेतलेले आणि बाहेर टाकलेले. ती आलटून पालटून दाखवली, की प्राणी चालू लागे. या खेळात शत्रू मरत जातात तसे उरलेले वेगाने धावू लागतात. हा डाव आधी ठरवलेला नव्हता. चित्रे कमी झाली, की प्रक्रियकाला ती काढायला कमी वेळ लागे, एवढेच त्याचे कारण. निशिकादोंनी ते पाहिले आणि तसेच राहू दिले.

आपल्याकडे शाळांपर्यंत संगणक पोहोचवण्याचा पहिला मोठा सरकारी प्रयत्न १९८४-८५ साली ‘क्लास’ या प्रकल्पाने झाला. सुरुवातीला सुमारे २५० शाळा निवडल्या गेल्या आणि त्यांना ब्रिटनमधील बीबीसी मायक्रो हे संगणक देण्यात आले. १९८२ साली ब्रिटनमध्ये निघालेल्या झेडएक्स स्पेक्ट्रम या स्वस्त संगणकाची भारतीय आवृत्ती डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने १९८६ साली परवाना घेऊन बाजारात आणली. ग्रामीण भागातल्या बहुतेक शाळांना त्या काळी यांपैकी काहीच पाहायला मिळाले नाही. पण या यंत्रांवर चित्र कसे काढत ते समजून घ्यायला यंत्र लागतच नाही. गणिताची चौकटींची वही पुरते, आणि आजही वर्गात तेवढ्यावर काम भागते.

उदाहरण म्हणून एक इंजिन काढू या. दौंडच्या मुलांना इंजिन शिकवावे लागत नाही. पुणे-सोलापूर मार्गावरच्या या जंक्शनातून मनमाडचा आणि बारामतीचा फाटा निघतो. वहीत आठ घरे रुंद आणि आठ घरे उंच असा चौकोन आखा आणि पुढीलप्रमाणे घरे भरा.

■■■■□□□□ २४०
■□□■□□■□ १४६
■□□■□□■□ १४६
■■■■■■■■ २५५
■■■■■■■■ २५५
■■■■■■■■ २५५
□■■□□■■□ १०२
□■□□□□■□ ६६

डावीकडे चालकाची खोली, उजवीकडे धुराडे, खाली चाके. वाफेची इंजिने रुळांवरून जाऊन कितीतरी वर्षे झाली, तरी मुलांच्या चित्रातले धुराडे गेलेले नाही, आणि त्याला कारण आहे. विजेवरचे इंजिन चौसष्ट घरांत काढायला गेलो तर नुसते खोके दिसते. धुराड्याची दोन घरे भरली, की खोक्याचे इंजिन होते. थोड्या जागेत वस्तूची ओळख कशात आहे हे शोधणे, हा या चित्रकलेचा पहिला धडा.

आता उजवीकडचे आकडे. प्रत्येक ओळीतल्या सर्वांत उजव्या घराची किंमत १, त्याच्या डावीकडे २, मग ४, ८, १६, ३२, ६४ आणि सर्वांत डावीकडे १२८. भरलेल्या घरांच्या किमतींची बेरीज करायची. दुसऱ्या ओळीत १२८, १६ आणि २ ही घरे भरली आहेत, म्हणून १४६. एक ओळ म्हणजे एक बाइट, आणि सगळे इंजिन आठ बाइटांत मावले. बीबीसी मायक्रोवर ‘व्हीडीयू २३’ या आज्ञेपुढे अक्षराचा क्रमांक, समजा २२४, आणि त्यापुढे हे आठ आकडे दिले, की २२४ क्रमांकाचे अक्षर म्हणजे आपले इंजिन होई. स्पेक्ट्रमवर अशी एकवीस चित्रे विद्यार्थ्याला स्वतःची म्हणून ठेवता येत, आणि बेरीज नको असेल तर ‘बिन’ या शब्दापुढे सरळ शून्य-एक लिहून ओळ देता येई. द्विमान पद्धत पुस्तकात येते तेव्हा ‘हे कशासाठी?’ असा प्रश्न मुलांच्या चेहऱ्यावर असतो. इथे बेरीज चुकली, की इंजिनाचे चाक भलतीकडे उगवते. उत्तर तपासायला शिक्षकांकडे जावे लागत नाही.

इंजिन चालवायचे कसे? शेवटच्या ओळीत ६६ ऐवजी ३६ घालून दुसरे चित्र करा. दोन चित्रे आलटून पालटून दाखवली, की चाके फिरल्याचा भास होतो. पण जागा बदलताना जुन्या जागेवरचे चित्र पुसायचे आणि मागचे स्टेशन, झाडे तशीच ठेवायची, हे अवघड. त्यासाठी एक सुंदर युक्ती वापरली जाई. चित्राचे घर भरलेले असेल तिथे पडद्यावरचा ठिपका उलटा करायचा, रिकामे असेल तिथे काही करायचे नाही. समजा पार्श्वभूमीची एक ओळ २४० आहे आणि तिच्यावर चाकांची १०२ ही ओळ ठेवली. ११११०००० वर ०११००११० ठेवून ठिपके उलटवले, की १००१०११० म्हणजे १५० मिळतात. त्यावर पुन्हा १०२ ठेवून उलटवले, की २४० परत. तेच चित्र दुसऱ्यांदा काढणे हेच पुसणे. तर्कशास्त्रातली ‘दोहोंपैकी एकच’ ही क्रिया मुलांच्या हाती अशी खेळातून येते.

रंगांची गोष्ट अधिक कठीण होती. स्पेक्ट्रमचा पडदा २५६ गुणिले १९२ ठिपक्यांचा, म्हणजे ४९,१५२ ठिपके. त्याच्या ४८ किलोबाइट स्मृतीत बाइटही नेमके तेवढेच, ४९,१५२. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी एक बाइट दिला असता तर खेळ ठेवायला जागाच उरली नसती! म्हणून ठिपके फक्त भरलेले-रिकामे एवढेच ६,१४४ बाइटांत साठवले जात, आणि आठ गुणिले आठच्या प्रत्येक चौकोनाला मिळून एकच बाइट रंगांसाठी असे: एक रंग ठिपक्याचा, एक मागचा. असे ७६८ चौकोन. परिणाम असा, की लाल इंजिन हिरव्या झाडावरून गेले, की झाडाचा काही भाग लाल होई किंवा इंजिन हिरवे. ब्रिटनमध्ये १९८४ साली निघालेल्या ‘नाइट लोअर’ या खेळात यावर सरळ तोड काढली होती. एका खोलीत एकच रंग वापरायचा आणि सारी शोभा आकारांवर आणायची.

मर्यादेतून रूप घडल्याचे सर्वांना माहीत असलेले उदाहरण म्हणजे मारिओ. १९८१ सालच्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी शिगेरू मियामोतो यांना सोळा गुणिले सोळा ठिपक्यांत माणूस बसवायचा होता. केस नीट दिसेनात म्हणून टोपी आली, तोंड दाखवता येईना म्हणून नाकाखाली मिशी आली, आणि हात हलताना शरीरापासून वेगळे दिसावेत म्हणून पट्ट्यांचा पोशाख आला. मियामोतो स्वतः आज्ञावलीकार नव्हते, औद्योगिक संकल्पनाचे शिक्षण घेतलेले होते. मॅकिन्टॉश संगणकाची (१९८४) चिन्हे काढणाऱ्या सुझन केअर यांनीही सुरुवात चौकटींच्या वहीत बत्तीस गुणिले बत्तीस घरे भरूनच केली. भरतकामाचा आणि रंगीत तुकड्यांच्या नक्षीकामाचा अनुभव त्यांना उपयोगी पडला. मॅटीच्या कापडावर घरे मोजून टाके घालणारी विद्यार्थिनी पोस्टर रंगात निसर्गचित्र काढणाऱ्यापेक्षा या कलेच्या अधिक जवळ आहे, असे मला वाटते. तिला कोणी तसे सांगत नाही, एवढेच.

आता चित्राकडून अक्षराकडे वळू. खेळातल्या स्टेशनावर गावाच्या नावाची पाटी लावायची आहे. ‘दौंड’ हे नाव आठ घरे उंचीत लिहून पाहा. शिरोरेघेच्या वर दोन मात्रा आणि अनुस्वार, खाली द आणि ड यांची वळणे. मात्रांना दोन-तीन ओळी दिल्या, की अक्षराला चार-पाच उरतात आणि ड वाचता येत नाही. ‘शिरूर’ मध्ये वेलांटी श च्या आधी येते आणि र चा दीर्घ उकार पायाशी न लागता कुशीत बसतो. शिवाय शिरोरेघ एका चौकोनातून दुसऱ्यात अखंड जायला हवी. रोमन अक्षरे आठ गुणिले आठमध्ये सुखाने मावतात, कारण ती यंत्रे त्यांच्याच मापाने बेतली होती. देवनागरीसाठी मोठी चौकट आणि वेगळी व्यवस्था लागणार हे उघड होते. ते काम कानपूरच्या आय.आय.टी.मध्ये सुरू झाले, आणि १९८८ साली पुण्यात सी-डॅकची स्थापना झाल्यावर तिथे ‘जिस्ट’ या नावाने पुढे गेले. भारतीय लिप्यांच्या संकेतांचे ‘इस्की’ हे मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले. आठ घरांत ‘दौंड’ लिहायला बसलेल्या मुलाला या साऱ्या खटाटोपाची गरज पंधरा मिनिटांत पटते.

पुढे स्मृती स्वस्त झाली, खेळांसाठी चित्रकारांचे स्वतंत्र गट आले, आणि चित्र व आज्ञावली यांची फारकत झाली. मोठ्या खेळासाठी ती योग्यच आहे. नवशिक्याचे मात्र तिने नुकसान केले. सफाईदार चित्रे आयती मिळतात, अलीकडे तर वर्णन लिहिले की संगणकच ती काढून देतो. आपला साधा ठिपक्यांचा बैल त्यांच्यापुढे गबाळा वाटतो आणि मूल काढणेच सोडून देते.

हाताने काढलेली आकृती आणि यंत्राचे काम यांचा सांधा न तोडणारी एक जागा शिरूर तालुक्यातच आहे. पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला. करत करत शिकणे ही तिथली पद्धत, आणि वस्तू करण्याआधी तिची आकृती काढता येणे हा तिथल्या तांत्रिक शिक्षणाचा भाग. वस्तूच्या तीन बाजू एकत्र दाखवणारी आयसोमेट्रिक आकृती त्यात येते. ‘नाइट लोअर’ मधल्या खोल्या याच प्रकारच्या आकृतीत होत्या. फरक एवढाच, की कागदावर आपण रेषा ३० अंशांत काढतो. ठिपक्यांच्या पडद्यावर ३० अंशांची रेषा वेडीवाकडी दिसते, म्हणून दोन ठिपके आडवे आणि एक वर असा चढ घेतात. तो कोन सुमारे २६.६ अंशांचा होतो. कोनमापक न घेता हा आकडा कसा आला, हे दहावीच्या मुलाला त्रिकोणमितीने काढता येईल.

याच आश्रमात २००२ साली, एम.आय.टी.चे नील गर्शेनफेल्ड यांच्या सहकार्याने, फॅब लॅब उभी राहिली. संगणकाच्या सांगण्यावरून कापणारी, कोरणारी यंत्रे असलेली ही कार्यशाळा. फॅब लॅबमध्ये प्रचलित असलेल्या एका पद्धतीत विद्युत मंडलाचा आराखडा काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचे चित्र म्हणूनच दिला जातो. संगणक त्या ठिपक्यांवरून हत्याराचा मार्ग ठरवतो आणि यंत्र तांब्याच्या पत्र्यावरचा नको तो भाग कोरून काढते. दोन तारांमधली रिकामी ठेवायची ठिपक्यांची ओळ चुकून भरली गेली, तर तांबे तिथे तसेच राहते आणि दिवा लागत नाही.