लहरींना बंद असलेली खोली

छत्रपती संभाजीनगराजवळ वाळूज येथें १९८५ सालीं बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. दुचाकीच्या इंजिनांत ठिणगी पडतांच विद्युच्चुंबकीय लहरी निघतात; शेजारच्या रेडिओंत खरखर होते ती त्यांचीच. हा उपद्रव मोजण्याच्या रीती ठरविणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीची पहिली बैठक १९३४ सालीं पॅरिसला भरली. परंतु लहरींनीं गजबजलेल्या शहरांत एकट्या यंत्राची कुरकुर ओळखावी कशी?

उत्तर सुमारें शतकापूर्वींच सांपडलें होतें. १८३६ सालीं मायकेल फॅरेडेनें बारा फूट लांब, रुंद व उंच अशी खोली धातूनें मढविली, तिला बाहेरून विजेचा जबर भार दिला आणि स्वतः आंत शिरून पाहिलें. आंत विजेचा मागमूसही नव्हता! आजच्या परीक्षणगृहाच्या भिंती तशाच धातूच्या. आंतून त्यांवर कार्बनयुक्त स्पंजाचे सुळके असतात. ते यंत्राच्या लहरी गिळतात, माघारीं फिरूं देत नाहींत.

पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनमध्यें वाहनांचें असें परीक्षण होतें. तेथें वाहनावर लहरींचा मारा करूनही पाहतात. कारण आतां ब्रेकचें नियंत्रणही इलेक्ट्रॉनिक झालें आहे. पूर्वीं खरखरीनें गाणें बिघडे. आज प्रश्न प्राणांचा आहे.