व्होल्टची वंशावळ

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तसल्याच इतर बाजारांत हल्ली एक छोटे उपकरण स्वस्तात मिळते. काही हौशी विद्यार्थी तेच घरी सुटे भाग जोडून तयार करतात. त्याला तीन टोके असतात. ट्रान्झिस्टर, डायोड, रोधक, कंडेन्सर, जे हाताशी असेल ते या टोकांना कसेही जोडावे आणि बटण दाबावे. दोन-तीन सेकंदांत पडद्यावर त्या भागाचे नाव, कोणता पाय कशाचा आणि त्याची मूल्ये उमटतात. पूर्वी ज्या कामाला मल्टिमीटर, कागद-पेन्सिल आणि बराच धीर लागत असे, ते काम एक चिप करून टाकते. या रचनेचा मूळ आराखडा जर्मनीतील हौशी मंडळींनी तयार केला व तो सर्वांसाठी खुला ठेवला. पुढे चिनी कारखानदारांनी त्याच्या असंख्य नकला बाजारात आणल्या.

उपकरणाचे काम समजायला कठीण नाही. प्रत्येक टोक ६८० ओहम आणि ४७० किलोओहम अशा दोन रोधकांतून चिपला जोडलेले असते. चिप एका टोकाला ५ व्होल्ट देते, दुसरे जमिनीला जोडते आणि तिसऱ्यावर काय होते ते पाहते. तीन टोकांच्या अशा सहा जोडण्या होतात. त्या सगळ्या तपासून ती निष्कर्ष काढते. हा निष्कर्ष कसा काढायचा हे चिपमध्ये कायम भरून ठेवलेल्या आज्ञावलीत, म्हणजे फर्मवेअरमध्ये, लिहिलेले असते.

आता एक कोडे. समजा असे उपकरण तयार झाले. एक किलोओहमचा रोधक लावला तर ते बरोबर एक किलोओहम दाखवते. पण कोणत्याही डायोडवरचा विद्युत दाब, त्याच प्रवाहाला चांगल्या मीटरने मोजलेल्या दाबापेक्षा, दरवेळी चार टक्क्यांनी जास्त दाखवते. विद्यार्थी साहजिकच जोडणी तपासू लागतो, सोल्डरिंगचे सांधे पुन्हा गरम करतो. सांध्यांत काहीच दोष नसतो. मग दोष कुठे? याचे उत्तर शोधायचे तर सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते. प्रश्न असा आहे, की व्होल्ट म्हणजे किती हे त्या चिपला सांगितले कोणी?

बारावीच्या प्रात्यक्षिकांत पोटेन्शिओमीटरवर दोन घटांची तुलना करण्याचा प्रयोग आपण सर्वांनी केलेला आहे. या पद्धतीचे मूळ जर्मन शास्त्रज्ञ योहान पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये मांडलेल्या तत्त्वात आहे. गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आला की घटातून प्रवाह घेतला जात नाही, त्यामुळे त्याचा खरा दाब कळतो. प्रयोग सुंदर आहे, पण त्याबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. तारेच्या लांबीवरून मिळते ते फक्त दोन दाबांचे गुणोत्तर. लेक्लांशे घट डॅनियल घटाच्या इतके पट आहे, एवढेच तार सांगते. व्होल्टमध्ये उत्तर हवे असेल तर दोघांपैकी एकाचा दाब आधी ठाऊक असावा लागतो. तो कोणी ठरवला हे आपण सहसा विद्यार्थ्यांना सांगत नाही, आणि विद्यार्थीही विचारत नाहीत.

प्रारंभी हे काम डॅनियल घटाकडेच होते. १८३६ चा हा घट सुमारे १.१ व्होल्ट देतो. तारखात्यासारख्या व्यवहाराला तो पुरे होता, पण द्रावणांच्या तीव्रतेनुसार त्याचा दाब थोडा इकडेतिकडे होतो. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबल टाकल्या जाऊ लागल्यावर हे चालेना. या केबलच्या कामातलेच इंग्रज अभियंता लॅटिमर क्लार्क यांनी १८७० नंतरच्या दशकात जस्त आणि पारा यांवर आधारलेला नवा घट पुढे आणला. १५ अंश सेल्सिअसला त्याचा दाब १.४३४ व्होल्ट. १८९३ मध्ये शिकागो येथे भरलेल्या विद्युत परिषदेने व्होल्टची व्याख्याच या घटावर बसवली : क्लार्क घटाच्या दाबाचे १४३४ भाग केले तर त्यांतले १००० भाग म्हणजे एक व्होल्ट.

क्लार्क घटाला मोठे दुखणे होते ते तापमानाचे. दर अंशाला त्याचा दाब एक मिलिव्होल्टहून अधिक घसरे. पुण्याच्या डिसेंबरात सकाळ आणि दुपार यांत पंधरा अंशांचा फरक सहज पडतो. तेवढ्याने हा घट सुमारे १७ मिलिव्होल्टने, म्हणजे एक टक्क्याहून जास्त, बदलला असता. याचे मुख्य कारण त्यातल्या जस्ताच्या सल्फेटमध्ये होते. तापमान वाढले की ते पाण्यात पुष्कळच अधिक विरघळते, द्रावण बदलते आणि दाबही बदलतो.

ही अडचण सोडवली एडवर्ड वेस्टन यांनी. इंग्लंडमध्ये जन्मलेले वेस्टन १८७० मध्ये अमेरिकेत गेले आणि मोजमापाची उपकरणे बनवण्यात त्यांनी आयुष्य घालवले. मँगॅनिन आणि कॉन्स्टंटन या मिश्रधातूही त्यांच्याच प्रयत्नांतून आल्या. तापमान बदलले तरी त्यांचा रोध जवळजवळ बदलत नाही, म्हणून आपल्या प्रयोगशाळेतल्या मीटर ब्रिजची तार याच मिश्रधातूंची असते. १८९३ मध्ये वेस्टन यांनी क्लार्क घटातले जस्त काढून तेथे कॅडमियम घातले. कॅडमियम सल्फेटची विद्राव्यता तापमानाबरोबर फारशी बदलत नाही. एवढ्या एका बदलाने काम झाले. २० अंशांच्या आसपास दर अंशाला फक्त ०.०४ मिलिव्होल्ट इतकीच घट. पुण्याच्या त्याच पंधरा अंशांना १७ ऐवजी सुमारे ०.६ मिलिव्होल्ट!

१९०८ च्या लंडन परिषदेने क्लार्कऐवजी वेस्टन घट स्वीकारला. १९१० मध्ये ब्रिटन, फ्रान्स, जर्मनी व अमेरिका या देशांचे प्रतिनिधी वॉशिंग्टनला एकत्र बसले, शेजारी शेजारी प्रयोग केले आणि २० अंशांना १.०१८३ व्होल्ट हा आकडा ठरवला. वेस्टन यांनी या घटावरचा पेटंटचा हक्क सोडून दिला. मोजमापाचे प्रमाण एका माणसाच्या मालकीचे असू नये, ही जाण त्यात दिसते.

हा घट म्हणजे इंग्रजी एच अक्षराच्या आकाराची काचेची नळी. एका पायात पारा, दुसऱ्यात कॅडमियमचा पारदमेल. तो हलवायचा नाही, तिरका करायचा नाही आणि मुख्य म्हणजे त्यातून प्रवाह घ्यायचा नाही. चुकून मीटर जोडून थोडा जरी प्रवाह काढला, तरी घट बिघडे आणि पूर्ववत व्हायला फार वेळ घेई. पोगेनडॉर्फची शून्य पद्धत केवळ शालेय कसरत नव्हती, ती या घटाची गरज होती. जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांनी असे घट तेलाच्या टाक्यांत, स्थिर तापमानात, देवघरातल्या मूर्तीसारखे जपले.

१९६२ मध्ये ब्रायन जोसेफसन या बावीस वर्षांच्या विद्यार्थ्याने असे भाकीत केले, की दोन अतिसंवाहकांमध्ये अत्यंत पातळ रोधी थर ठेवून त्यावर सूक्ष्मतरंग सोडले, तर ठरावीक पायऱ्यांचाच दाब मिळेल. ती पायरी फक्त तरंगाच्या वारंवारतेवर आणि निसर्गातल्या दोन स्थिरांकांवर अवलंबून असते. ७० गिगाहर्ट्झला एका जोडातून जेमतेम ०.१४ मिलिव्होल्ट मिळतात, म्हणून हजारो जोड एकापुढे एक बसवावे लागतात. १ जानेवारी १९९० पासून जगभर व्होल्ट या मार्गाने मिळवला जाऊ लागला आणि २० मे २०१९ पासून त्यातला स्थिरांक अचूक ठरवून टाकला गेला. आपल्या देशात ही जबाबदारी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडे आहे. त्यासाठी द्रव हेलियमइतकी थंडी लागते, तेव्हा ते काही खिशातल्या उपकरणात बसणार नाही.

खिशासाठी वाट काढली अर्धसंवाहकांनी. क्लॅरेन्स झेनर यांच्या १९३४ च्या संशोधनावरून नाव पडलेला झेनर डायोड १९५० नंतर बाजारात आला. सुमारे साडेपाच व्होल्टच्या खाली त्याचा दाब तापमानाबरोबर घटतो, त्याच्या वर वाढतो. म्हणून त्या मर्यादेजवळचे झेनर चांगले स्थिर असतात. पण संगणकाच्या चिप ५ व्होल्टवर चालू लागल्या आणि ५ व्होल्टमधून साडेपाच व्होल्टचे प्रमाण काढणार कसे?

इथे एक फार सुंदर युक्ती पुढे आली. १९६४ मध्ये फेअरचाइल्ड कंपनीतील डेव्हिड हिलबायबर यांनी तिची दिशा दाखवली. रॉबर्ट विडलर यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेने ती व्यवहारात आणली आणि पॉल ब्रोकॉ यांनी १९७४ मध्ये तिला आजचे प्रचलित रूप दिले. सिलिकॉनच्या जोडावरचा दाब नेहमीच्या तापमानाला सुमारे ०.६५ व्होल्ट असतो आणि दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने उतरतो. आता तसेच दोन जोड घ्या, पण एकातून प्रवाहाची घनता दुसऱ्याच्या दहापट ठेवा. त्यांच्या दाबांतला फरक सुमारे ६० मिलिव्होल्ट येतो, आणि तो निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात दर अंशाला ०.२ मिलिव्होल्टने चढतो. या फरकाला दसपट करा : ६०० मिलिव्होल्ट, दर अंशाला २ मिलिव्होल्टची चढ. एक उतरतो तेवढाच दुसरा चढतो. दोघांची बेरीज केली की ०.६५ अधिक ०.६०, म्हणजे सव्वा व्होल्ट, आणि तापमानाचा परिणाम जवळजवळ नाहीसा! ही बेरीज सव्वाच का यावी? निरपेक्ष शून्याकडे वाढवत नेलेली सिलिकॉनची ऊर्जा-फट सुमारे १.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट असते, तिचाच हा मागोवा. फळ्यावर हे गणित दहा मिनिटांत मांडता येते. वर्गात ते अवश्य मांडावे.

आता आपल्या उपकरणाकडे वळू. त्यातल्या एटीमेगा ३२८ चिपमध्ये याच जातीचे एक प्रमाण कोरलेले आहे. त्याचे नाममात्र मूल्य १.१ व्होल्ट, पण उत्पादक हमी देतो ती १.० ते १.२ व्होल्ट इतकीच. तापमानाला ते स्थिर असते, मात्र प्रत्येक चिपमध्ये वेगळे असते. फर्मवेअर ते १.१ असे गृहीत धरत असेल आणि खरे मूल्य १.२ असेल, तर ४७० किलोओहममधून भारित होणारा एक नॅनोफॅरडचा कंडेन्सर १.१० नॅनोफॅरड दिसतो. म्हणूनच चांगल्या फर्मवेअरमध्ये स्वपरीक्षेची सोय असते. तिन्ही टोके एकत्र जोडायची, मग सांगितल्यावर सोडवून एक कंडेन्सर लावायचा. चिप आपले प्रमाण स्वतः पडताळून घेते.

मग कोड्यातला रोधक अचूक का दिसला? कारण तेथे पोटेन्शिओमीटरच्या तारेप्रमाणे फक्त गुणोत्तर मोजले जाते. ६८० ओहमवर किती दाब पडला आणि बाहेरच्या रोधकावर किती, एवढेच. पुरवठा ५ व्होल्ट असो की ४.८, गुणोत्तर तेच. डायोडचा दाब मात्र व्होल्टमध्ये सांगायचा असतो, आणि चिप पुरवठ्यालाच ५.०० व्होल्ट मानून हिशेब करते. पुरवठा प्रत्यक्षात ४.८ असेल, तर ५ भागिले ४.८ म्हणजे सुमारे १.०४. हेच ते चार टक्के. ७८०५ या नियंत्रक चिपची सूटच ४.८ ते ५.२ व्होल्ट आहे. शिवाय तिला वर सुमारे २ व्होल्ट शिल्लक लागतात, तेव्हा ९ व्होल्टची बॅटरी उतरून सातच्या खाली आली की पुरवठाही खाली बसू लागतो. आधी बॅटरी बदलून पाहावी हे बरे.

अधिक काळजीने केलेल्या आराखड्यात २.५ व्होल्टचे वेगळे प्रमाण जोडायची जागा असते. फर्मवेअर त्यावरून पुरवठ्याचा खरा दाब काढते. मात्र फर्मवेअर त्या सोयीसह तयार केलेले असले पाहिजे. नुसती चिप बसवून उपयोग नाही, आणि चिप नसताना ती आहे असे मानणारे फर्मवेअरही उपयोगाचे नाही. स्वस्त उपकरणांत येथे टीएल ४३१ असते. तिच्या साध्या प्रकाराला दोन टक्क्यांची सूट असते, म्हणून तिच्यावर चांगल्या मीटरने एकदा २.४९५ व्होल्ट येतात का ते बघावे. दोष प्रमाणाचा की फर्मवेअरचा हे ओळखायला आकडे मदत करतात. थोड्या टक्क्यांचा फरक बहुधा प्रमाणाचा असतो. पण सगळे कंडेन्सर बरोबर आठव्या हिश्शाचे दिसत असतील आणि पडदाही सुस्तावला असेल, तर चिप ८ मेगाहर्ट्झऐवजी १ वर चालते आहे. कारखान्यातून येताना तिच्यात आठने भागण्याची खूण चालू असते आणि ती काढायची राहून गेलेली असते.

आणखी एक बारीक जागा. टीएल ४३१ ला नीट चालायला एक मिलिअँपिअर तरी प्रवाह हवा. ५ व्होल्टमधून २.२ किलोओहमच्या रोधकातून तिला १.१४ मिलिअँपिअर मिळतात, म्हणजे काठावरच. त्या जागी २२ किलोओहम बसला तर ०.११ मिलिअँपिअरच मिळतील आणि २.५ व्होल्ट टिकतील याची खात्री उरणार नाही. लाल-लाल-लाल आणि लाल-लाल-नारिंगी हे पट्टे रात्रीच्या दिव्याखाली सारखेच दिसतात, तेव्हा हा रोधक लावण्यापूर्वी मीटरवर मोजून घ्यावा.