क्रूझवरील सभासद-सवलती आणि कॅसिनोच्या ऑफर: लाभ किती, किंमत किती?

मुंबई बंदरातून गोवा, कोची आणि लक्षद्वीपच्या दिशेने निघणारी पर्यटक जहाजे मराठी मध्यमवर्गाला आता अपरिचित राहिलेली नाहीत. सिंगापूर, दुबई किंवा अमेरिकेतून निघणाऱ्या मोठ्या क्रूझ जहाजांवरही मराठी कुटुंबे आढळतात. एकदा प्रवास केला की कंपनीकडून सभासदत्वाचे पत्र येते. जहाजावरील कॅसिनोत काही तास घालवले असतील, तर पुढल्या सफरीसाठी ‘मोफत केबिन’चे आमंत्रणही येते. या सवलती खऱ्या असतात, मात्र त्यांची किंमत आधीच ठरलेली असते. ती कशी ठरते, सवलतींचा पुरेपूर लाभ कसा घ्यावा आणि कोठे थांबावे, याची माहिती या लेखात देण्यात येत आहे.

मोफत पाहुणचार: ओरत्तनाडूचे छत्र

प्रवाशाला मोफत निवारा व भोजन देण्याची कल्पना मराठी इतिहासाला नवी नाही. तमिळनाडूतील तंजावर जिल्ह्यात ओरत्तनाडु हे तालुक्याचे गाव आहे. तंजावरचे मराठा राजे दुसरे शरफोजी (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी येथे मुक्तांबाळ हिच्या नावाने छत्र उभारले. रामेश्वराकडे जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवर तंजावरच्या राजघराण्याने अशी अनेक छत्रे बांधली होती.

या छत्रांचे उत्पन्न अबाधित राहावे म्हणून शरफोजी राजांनी १८०१ मध्ये ब्रिटिश रेसिडेंट बेंजामिन टॉरिन यांना पत्र लिहिले. छत्रांत काय मिळत असे, याचे तपशील त्या पत्रात आहेत. येणाऱ्या प्रत्येकाला, जात न पाहता, भात दिला जाई. शिजवलेला भात नको असणाऱ्यास कोरडा शिधा मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिला असल्यास त्याने यावे, अशी हाक दिली जाई. आजारी वाटसरूला वैद्य, लहान मुलांना दूध आणि गरोदर स्त्रीला बाळंतपणाची मदत मिळे. वाटेत कोणी मृत्यू पावल्यास त्याचे अंत्यसंस्कारही केले जात.

या पाहुणचाराचा खर्च छत्रांना लावून दिलेल्या जमिनींच्या उत्पन्नातून चाले. वाटसरूने पुन्हा यावे, अशी अट नव्हती. आजच्या क्रूझवरील ‘मोफत’ या शब्दाचा अर्थ समजून घेण्यासाठी एवढा फरक ध्यानात ठेवणे पुरेसे आहे. येथे पाहुणचाराचा खर्च प्रवाशाच्याच मागील आणि पुढील खर्चातून निघतो.

सभासद योजना कशा चालतात?

बहुतेक क्रूझ कंपन्यांच्या योजनांत जहाजावर काढलेल्या रात्रींनुसार गुण मिळतात. रॉयल कॅरिबियन कंपनीची ‘क्राउन अँड अँकर सोसायटी’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. तेथे साध्या केबिनमधील प्रत्येक रात्रीस एक आणि सूटमधील रात्रीस दोन गुण मिळतात. ३ गुणांना ‘गोल्ड’, ३० गुणांना ‘प्लॅटिनम’, ५५ गुणांना ‘एमराल्ड’, ८० गुणांना ‘डायमंड’, १७५ गुणांना ‘डायमंड प्लस’ आणि ७०० गुणांना ‘पिनॅकल क्लब’ अशा पायऱ्या आहेत. खालच्या पायऱ्यांवर किरकोळ सूट मिळते. दररोजची काही पेये, इंटरनेटवरील मोठी सवलत यांसारखे ठळक लाभ ‘डायमंड’पासून सुरू होतात.

एखादे कुटुंब दर तीन वर्षांनी सात रात्रींची एक सफर करीत असेल, तर ८० गुणांसाठी त्याला १२ सफरी कराव्या लागतील. पहिल्या सफरीपासून बाराव्या सफरीपर्यंत ३३ वर्षे लोटतील. त्यामुळे अधूनमधून प्रवास करणाऱ्याने केवळ श्रेणी वाढावी म्हणून महागडी सफर निवडणे व्यवहार्य ठरत नाही.

नियम बदलू शकतात, हाही मुद्दा महत्त्वाचा आहे. कार्निव्हल क्रूझ लाइन या अमेरिकी कंपनीने २०२५ मध्ये नव्या योजनेची घोषणा केली. तीत प्रवासाच्या दिवसांऐवजी ग्राहकाने केलेला खर्च हा श्रेणीचा आधार ठरविण्यात आला. हॉटेल आणि विमान कंपन्यांनी हा मार्ग आधीच स्वीकारला आहे.

कंपनीच बंद पडली, तर गुणांना काहीच अर्थ उरत नाही. मुंबईहून एप्रिल २०१९ मध्ये ‘कर्णिका’ हे जहाज सुरू करणारी जलेश क्रूझेस ही कंपनी कोविडच्या संकटात ऑक्टोबर २०२० मध्ये बंद झाली. आशियात ‘स्टार क्रूझेस’ व ‘ड्रीम क्रूझेस’ या नावांनी जहाजे चालविणाऱ्या गेंटिंग हाँगकाँग या कंपनीने जानेवारी २०२२ मध्ये दिवाळखोरीची वाट धरली. सध्या मुंबईहून चालणाऱ्या कॉर्डेलिया क्रूझेसच्या सफरी सप्टेंबर २०२१ मध्ये सुरू झाल्या. तिचे ‘एम्प्रेस’ हे १९९० मध्ये बांधलेले जहाज पूर्वी रॉयल कॅरिबियनच्या ताफ्यात होते. जहाज एका कंपनीकडून दुसरीकडे जाते, पण प्रवाशाचे गुण त्याच्याबरोबर जात नाहीत.

सवलतींचा पुरेपूर लाभ घेण्यासाठी

पहिल्या सफरीपूर्वीच सभासद व्हावे. नोंदणी बहुधा विनामूल्य असते. तिकीट एजंटमार्फत काढले असल्यास सभासद क्रमांक आरक्षणाला जोडला गेला आहे का, याची खात्री करावी. पारपत्रावरील नाव आणि सभासद खात्यावरील नाव तंतोतंत जुळले पाहिजे. वडिलांचे किंवा पतीचे नाव एका ठिकाणी असणे आणि दुसऱ्या ठिकाणी नसणे, ही मराठी नावांबाबत नेहमी उद्भवणारी अडचण आहे. त्यामुळे गुण दुसऱ्याच खात्यात जमा होऊ शकतात.

काही योजनांत एकाच पत्त्यावर राहणारे जोडीदार आणि मुले यांना कुटुंबातील वरची श्रेणी लागू होते. तसा अर्ज करावा लागतो. एकाच उद्योगसमूहातील काही कंपन्यांमध्ये श्रेणी परस्परांना मान्य असते. रॉयल कॅरिबियन, सेलिब्रिटी आणि सिल्व्हरसी यांच्यात अशी सोय आहे. पुढील सफर जहाजावर असतानाच आरक्षित केल्यास खर्चासाठी काही रक्कम जमा देण्याची प्रथाही अनेक कंपन्यांत आहे. अशा वेळी अनामत रक्कम परत मिळते की नाही, हे लेखी पाहून घ्यावे.

दोन दरांची तुलना करताना केबिनचे भाडे एकटे पाहू नये. बंदर शुल्क, कर, कर्मचाऱ्यांसाठी आकारले जाणारे दैनिक सेवाशुल्क, इंटरनेट, पेये आणि बंदरावरील सहली मिळून एकूण रक्कम काढावी. सभासद-सवलत मिळूनही दुसऱ्या कंपनीची सफर स्वस्त पडत असल्यास गुणांचा मोह सोडणेच योग्य.

कॅसिनोची ऑफर कशी ठरते?

कॅसिनोत खेळणाऱ्याला एक कार्ड देण्यात येते. त्यावर त्याने किती रक्कम, किती वेळ आणि कोणत्या खेळावर लावली, याची नोंद होते. तो प्रत्यक्षात जिंकला की हरला, यापेक्षा त्याच्याकडून सरासरी किती नुकसान अपेक्षित आहे, हा आकडा कॅसिनोला अधिक महत्त्वाचा वाटतो. त्या अपेक्षित नुकसानीचा काही भाग मोफत केबिन, भोजन, पेये किंवा चिप्स यांच्या रूपाने परत केला जातो.

एका उदाहरणावरून हे स्पष्ट होईल. एका शून्याच्या रूलेट चक्रावर ३७ घरे असतात आणि एका आकड्यावर लावलेला डाव लागल्यास ३५ पट रक्कम मिळते. त्यामुळे लावलेल्या एकूण रकमेपैकी सरासरी २.७ टक्के कॅसिनोकडे राहतात. दोन शून्ये असलेल्या चक्रावर हेच प्रमाण ५.२६ टक्के होते. समजा, एखाद्याने प्रत्येक डावाला ५०० रुपये याप्रमाणे तासाला ४० डाव, असे चार तास खेळले. त्याने लावलेली एकूण रक्कम ८०,००० रुपये होते. एका शून्याच्या चक्रावर त्याचे अपेक्षित नुकसान सुमारे २,१६२ रुपये, तर दोन शून्यांच्या चक्रावर सुमारे ४,२११ रुपये येते. कॅसिनोने अपेक्षित नुकसानीचा तीस टक्के भाग परत केला असे धरले, तर पहिल्या खेळाडूच्या पदरात सुमारे ६५० रुपयांची सवलत पडते. सवलत मिळावी म्हणून अधिक खेळणे हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा प्रकार असून, कोहळा कॅसिनोच्या हाती जातो.

‘मोफत केबिन’च्या पत्रातील बारीक अक्षरे वाचणे म्हणूनच आवश्यक ठरते. बहुतेक वेळा केबिनचे भाडे माफ असते; बंदर शुल्क, कर आणि सेवाशुल्क भरावेच लागते. ऑफर आतल्या बाजूच्या केबिनपुरती असू शकते, ती दुसऱ्याच्या नावे करता येत नाही आणि तिला मुदत असते. मोफत मिळालेल्या चिप्स अनेकदा केवळ खेळण्यासाठी असतात, त्यांचे रोख पैसे मिळत नाहीत. काही जहाजांवर केबिनच्या खात्यातून चिप्ससाठी रक्कम घेतल्यास वेगळे शुल्क लागते.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेनुसार जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय आहे. महाराष्ट्रात १९७६ चा कॅसिनो (नियंत्रण व कर) कायदा संमत झाला होता, परंतु तो कधीच अमलात आला नाही. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. गोव्यात १९७६ च्या जुगारविषयक कायद्यात १९९२ मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांतील यंत्रांच्या खेळांना आणि १९९६ मध्ये जहाजांवरील कॅसिनोंना वाट मोकळी करून देण्यात आली. पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेली कॅसिनो जहाजे त्यातूनच आली. तेथे २१ वर्षांखालील व्यक्तींना प्रवेश नाही. १ फेब्रुवारी २०२० पासून गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास बंदी आहे.

समुद्रात जाणाऱ्या क्रूझवरील कॅसिनो सर्वसाधारणपणे किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर अंतर ओलांडल्यावर उघडतात. तरीही वाद उद्भवतात. जून २०२२ मध्ये चेन्नईहून निघालेल्या कॉर्डेलियाच्या जहाजाला पुदुच्चेरी प्रशासनाने परवानगी नाकारली. जहाजावरील कॅसिनोला तेथे झालेला विरोध त्यामागे होता.

करांचा भार

कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर १ ऑक्टोबर २०२३ पासून चिप्सच्या पूर्ण दर्शनी मूल्यावर २८ टक्के दराने आकारला जाऊ लागला. २२ सप्टेंबर २०२५ पासून हा दर ४० टक्के करण्यात आला आहे. जिंकलेल्या रकमेतून पुन्हा डाव लावल्यास त्यावर पुन्हा कर नाही. मात्र न वापरलेल्या चिप्स परत केल्या तरी करपात्र मूल्यातून ती रक्कम वजा होत नाही. रूलेटमधील २.७ टक्क्यांच्या तुलनेत हा भार किती मोठा आहे, हे सहज ध्यानात येते. तो कॅसिनो सोसतो की प्रवेश-पॅकेजच्या दरातून ग्राहकाकडून घेतो, हे आधी विचारून घ्यावे.

जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर आणि त्यावरील उपकर लागू होतो. एका दिवशी जिंकलेल्या रकमेतून दुसऱ्या दिवशी हरलेली रक्कम वजा करता येत नाही. म्हणजे सफरीच्या अखेरीस हातात काही उरले नसले, तरी कराची जबाबदारी उरू शकते. परदेशी जहाजावर जाताना आणखी एक काळजी घ्यावी. परकीय चलनविषयक २००० च्या नियमांनुसार लॉटरी, स्वीपस्टेक आदींसाठी परदेशी रक्कम पाठविण्यास मनाई आहे. त्यामुळे कॅसिनोत कार्ड वापरण्यापूर्वी आपल्या बँकेकडून स्पष्ट माहिती घेणे हिताचे.

कोठे थांबावे?

ज्या सफरीला आपण ऑफर नसतानाही गेलो असतो, त्याच सफरीवरील सवलत खरी बचत ठरते. कॅसिनोचा आनंद घ्यायचाच असल्यास नाटकाच्या किंवा मेजवानीच्या खर्चाप्रमाणे एक रक्कम आधी ठरवावी, ती संपली की उठावे आणि गमावलेले परत मिळवण्यासाठी पुन्हा बसू नये. सफर केवळ कॅसिनोच्या आमंत्रणासाठी ठरू लागली, हरलेली रक्कम घरी लपवावी लागली किंवा निवृत्तीची पुंजी आणि मुलांच्या शिक्षणाची ठेव मोडण्याचा विचार मनात आला, तर ती धोक्याची सूचना समजावी.

अशा वेळी कॅसिनोला कळवून विपणनाची पत्रे थांबवता येतात आणि अनेक ठिकाणी स्वतःहून प्रवेशबंदीही मागता येते. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते. २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेत मराठीसह विविध भारतीय भाषांतून बोलता येते. जुगाराची सवय हा लाजेचा नव्हे, उपचाराचा विषय आहे, हे कुटुंबीयांनीही लक्षात घ्यावे.